खुला ऑडिओ-व्हिडिओ फॉरमॅट घडवायचा आणि सांभाळायचा: नव्याने येणाऱ्यांसाठी

खुल्या फॉरमॅटचं काम शिकायला सुरुवात करताना पुस्तक नको, एखादी खरी फाइल समोर घ्या. व्हॉट्सॲपवर आलेला कुठलाही व्हॉइस मेसेज संगणकावर उतरवून घ्या. नावाच्या शेवटी बहुधा 'ओपस' असं दिसेल. लिनक्सवर एक्सएक्सडी नावाचं छोटं टूल असतं. त्याने ती फाइल उघडा आणि पहिले ४७ बाइट वहीत लिहून काढा. हो, हातानेच.

पहिले चार बाइट दिसतील ४एफ ६७ ६७ ५३. हा ऑग कंटेनरचा, म्हणजे आवाजाचा डेटा गुंडाळून ठेवणाऱ्या वेष्टनाचा, शिक्का. फाइलमधलं प्रत्येक पेज, म्हणजे डेटाचा एकेक गठ्ठा, याच चार बाइटांनी सुरू होतं. पुढचा ०० म्हणजे कंटेनरची आवृत्ती, आणि ०२ म्हणजे 'हे या प्रवाहाचं पहिलं पेज आहे'. मग आठ बाइट वेळेसाठी, चार बाइट प्रवाहाच्या ओळख क्रमांकासाठी, चार पेज क्रमांकासाठी, चार सीआरसीसाठी, म्हणजे डेटा बिघडला का हे पकडणाऱ्या तपास-आकड्यासाठी. त्यानंतर ०१, म्हणजे या पेजमध्ये एकच तुकडा आहे, आणि १३, म्हणजे त्या तुकड्याची लांबी. हा १३ सोळाच्या पायावरचा, म्हणून १९ बाइट. तिथून 'ओपसहेड' ही आठ अक्षरं, एक बाइट आवृत्ती, एक बाइट चॅनेलची संख्या. मोनो असेल तर ०१.

आता खरी मजा. पुढचे दोन बाइट समजा ३८ ०१ आहेत. लहान बाजू आधी लिहिलेली असल्यामुळे उलटे वाचायचे: ०१३८, म्हणजे ३१२. याला प्री-स्किप म्हणतात. डिकोडरने (फाइलीतून आवाज परत काढणारा प्रोग्रॅम) काढलेले पहिले ३१२ नमुने टाकून द्यायचे, कारण ते एन्कोडरच्या (आवाज दाबून फाइल बनवणारा प्रोग्रॅम) उशिरामुळे आलेले असतात. ओपसचं घड्याळ ४८ किलोहर्ट्‌झचं, तेव्हा हे झाले साडेसहा मिलिसेकंद. त्यानंतरच्या चार बाइटांत मूळ रेकॉर्डिंगचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती नमुने: ८० बीबी ०० ०० असेल तर ४८०००, ८० ३ई ०० ०० असेल तर १६०००. शेवटी दोन बाइट गेनचे आणि एक चॅनेल-मांडणीचा. बेरीज करून बघा, १९ भरतात.

एवढं केलंत की बिटस्ट्रीम फॉरमॅट म्हणजे काय ते हाताला कळतं. कुठल्या बिटचा काय अर्थ, याचा तो लेखी करार. हा करार सॉफ्टवेअरसारखा नसतो. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढून जुनी मागे घेता येते. लोकांच्या हार्ड डिस्कवर पडलेल्या फाइली मागे घेता येत नाहीत. पुण्यात राहणाऱ्याला हे समजायला लांब जावं लागत नाही. पेशवे दफ्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत. कागद टिकले, शाईही टिकली, पण ते वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. फाइलीचंही असंच होतं. ती वाचायची कशी, हे कुठेतरी पूर्ण आणि खुलं लिहिलेलं नसेल तर नुसते बाइट जपून उपयोग नाही. १९६४ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय लॉ कॉलेज रोडवर उभं असलेल्या शहरात तरी हा मुद्दा कुणाला परका वाटू नये.

पहिला स्पेक कोणता वाचायचा

स्पेक म्हणजे फॉरमॅटचा हा लेखी करार. थेट एव्ही१ उचलू नका. तो २०१८ मध्ये आलेला व्हिडिओ फॉरमॅट आहे, स्पेक शेकडो पानांचा, आणि पहिल्याच वाचनात माणूस थकून सोडून देतो. माझा सल्ला ठाम आहे: फ्लॅकपासून, म्हणजे आवाजातलं काहीही न गमावता फाइल लहान करणाऱ्या ऑडिओ फॉरमॅटपासून, सुरुवात करा.

फ्लॅकची पहिली आवृत्ती जॉश कोलसन यांनी २००१ मध्ये काढली, आणि आयईटीएफ या इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं प्रमाणित दस्तऐवज, आरएफसी ९६३९, आलं डिसेंबर २०२४ मध्ये. मधल्या काळात जगभर असंख्य फाइली तयार झाल्या. त्यामुळे तो दस्तऐवज लिहिणाऱ्यांना स्वप्न रंगवायचं नव्हतं; अस्तित्वात असलेल्या फाइली आणि डिकोडर प्रत्यक्षात काय करतात ते नेमकं मांडायचं होतं. शेवटच्या परिशिष्टात तीन छोट्या फाइली बाइट-बाइट सोडवून दाखवल्या आहेत. नवशिक्यासाठी याहून चांगली शिकवणी मला माहीत नाही.

वाचताना एक शिस्त पाळा. फक्त स्पेक समोर ठेवून, कुणाचाही सोर्स कोड न बघता, स्वतःचा डिकोडर लिहा. पायथनमध्ये लिहिलात तरी चालेल, वेगाची चिंता नको. जिथे अडाल तिथे थांबून लिहा: 'इथे दोन अर्थ निघतात.' ही टिपणं पुढे कामाला येणार आहेत. आपला डिकोडर बरोबर आहे का, हे फ्लॅक स्वतःच सांगतो. स्ट्रीमइन्फो नावाच्या ३४ बाइटांच्या ब्लॉकमध्ये मूळ ऑडिओचा एमडी५, म्हणजे डेटावरून काढलेला ठशासारखा आकडा, ठेवलेला असतो. तुमच्या आउटपुटचा एमडी५ जुळला की काम झालं, वाद संपला.

एका ठिकाणी बहुतेक जण अडखळतात. फ्लॅकमध्ये सगळे आकडे मोठी बाजू आधी असे लिहितात, पण कलाकार-अल्बमची माहिती ठेवणारा ब्लॉक व्हॉर्बिस या खुल्या ऑडिओ फॉरमॅटकडून जसाच्या तसा घेतला असल्यामुळे त्यात लहान बाजू आधी. दोन परंपरा एकाच फाइलीत नांदतात. बदलता येत नाही, कारण फाइली बाहेर आहेत.

फ्लॅक झाला की ऑग, मग ओपस. व्हिडिओकडे वळायचं तर एफएफव्ही१ घ्या. तो लॉसलेस आहे, म्हणजे चित्रातलं काही गमावत नाही, अभिलेखागारांमध्ये वापरला जातो, आरएफसी ९०४३ म्हणून २०२१ मध्ये आला, आणि एव्ही१ च्या मानाने खूपच आटोपशीर आहे.

स्वतःचा छोटा फॉरमॅट मांडा

शिकण्यासाठी एक खेळण्यातला फॉरमॅट स्वतः घडवा. मोनो ऑडिओ, साधं प्रेडिक्शन (आधीच्या नमुन्यांवरून पुढचा ओळखणं), बस. कॉम्प्रेशन किती झालं याला इथे महत्त्व नाही. प्रश्न असा आहे की त्याच्या चौकटीत तुम्ही पुढच्या माणसासाठी काय सोय ठेवली.

शिक्का आणि आवृत्ती आधी. आवृत्तीचा बाइट सगळेच ठेवतात, पण अनोळखी आवृत्ती दिसली तर डिकोडरने काय करायचं हे लिहायला विसरतात. ओपसच्या ऑग मांडणीत याची छान सोय आहे. त्या बाइटचे वरचे चार बिट मोठ्या बदलासाठी, खालचे चार लहान बदलासाठी. १५ पर्यंतचा आकडा आला तर जुन्या डिकोडरने फाइल वाचायचा प्रयत्न करायचा. त्यावरचा आला तर नम्रपणे नकार द्यायचा. एका बाइटात पुढच्या कित्येक वर्षांचं धोरण बसलं.

राखीव बिट ठेवताना 'हे शून्य असावेत' एवढंच लिहून थांबू नका. लिहिणाऱ्याने शून्य लिहायचं, हे झालं अर्धं वाक्य. वाचणाऱ्याने शून्य नसेल तर दुर्लक्ष करायचं की फाइल नाकारायची, हे दुसरं अर्धं. एव्ही१ मध्ये डेटाच्या प्रत्येक तुकड्याला, ज्याला ओबीयू म्हणतात, छोटा हेडर असतो: एक निषिद्ध बिट, चार बिट प्रकाराचे, एक विस्ताराचा, एक 'लांबी दिली आहे का' याचा आणि एक राखीव. राखीव बिटाची किंमत डिकोडरने बघायचीच नाही, आणि ओळखता न येणारे राखीव प्रकार सोडून पुढे जायचं, असं स्पेकमध्ये स्पष्ट आहे. म्हणूनच उद्या नवा प्रकार आला तरी आजचा टीव्ही त्यावर कोसळत नाही.

पण सोडून पुढे जायचं तर लांबी माहीत हवी. म्हणून प्रत्येक तुकड्याची लांबी त्याच्या आत काय आहे हे न समजताही कळली पाहिजे. फ्लॅकच्या मेटाडेटा ब्लॉकमध्ये एक बिट 'हा शेवटचा', सात बिट प्रकार आणि चोवीस बिट लांबी असते. ऑगची पद्धत वेगळी आणि मोहक आहे. पॅकेटची, म्हणजे डेटाच्या एका तुकड्याची, लांबी २५५ च्या हप्त्यांत लिहायची, आणि २५५ पेक्षा लहान आकडा आला की पॅकेट संपलं. ६०० बाइटांचं पॅकेट म्हणजे २५५, २५५, ९०. आता ५१० बाइटांचं पॅकेट कसं लिहाल? नवशिक्या २५५, २५५ लिहून मोकळा होतो, आणि डिकोडर पुढचं पॅकेट यालाच जोडून टाकतो. बरोबर उत्तर २५५, २५५, ०. अशी काठावरची प्रत्येक किंमत स्पेकमध्ये उदाहरणासकट द्या. गोंधळ नेहमी काठावरच होतो.

प्रवाह मधूनच ऐकायला सुरुवात केली तर? रेडिओसारखं प्रसारण असेल किंवा फाइलीचा काही भाग खराब झाला असेल, तर डिकोडरला पुन्हा सूर सापडायला खूण लागते. खूण निवडली की ती दुसरीकडे चुकून उगवणार नाही, हेही बघावं लागतं. फ्लॅकमध्ये मेटाडेटाचा १२७ हा प्रकार कायमचा निषिद्ध आहे, कारण तो वापरला तर बाइटांचा नमुना फ्रेमच्या सुरुवातीसारखा दिसेल. इतका बारीक विचार लागतो. तरी खूण योगायोगाने येतेच, म्हणून सोबत सीआरसी हवा.

सीआरसीबद्दल एक व्यावहारिक सूचना, कारण यात लोकांच्या संध्याकाळी जातात. ऑगचा सीआरसी आणि झिप फाइलींचा सीआरसी यांचं बहुपद एकच आहे, पण झिपमध्ये बिट उलटे घेतात आणि सुरुवातीची किंमत सगळी एकची; ऑगमध्ये बिट सरळ आणि सुरुवात शून्यापासून. शिवाय हिशोब करताना सीआरसीच्या स्वतःच्या चार बाइटांत शून्य धरायचं. झिपसाठीची तयार लायब्ररी उचललीत तर उत्तर कधीच जुळणार नाही. तुमच्या स्पेकमध्ये बहुपद, दिशा, सुरुवातीची किंमत आणि एक सोडवलेलं उदाहरण, चारही द्या.

वेळ दशांश अपूर्णांकात ठेवू नका. २९.९७ ही खरी फ्रेमगती नव्हे. खरी आहे ३०००० भागिले १००१. थिओरा या खुल्या व्हिडिओ फॉरमॅटच्या हेडरमध्ये म्हणूनच अंश आणि छेद असे दोन पूर्णांक आहेत. मात्रोस्का या कंटेनरच्या नेहमीच्या फाइलींमध्ये वेळ मिलिसेकंदात ठेवली जाते आणि ४४.१ किलोहर्ट्‌झच्या ऑडिओ फ्रेम त्यात नेमक्या बसत नाहीत. गोलाई करावी लागते. ऑगने दुसरा मार्ग धरला. वेळेच्या आठ बाइटांचा अर्थ प्रत्येक कोडेकने (आवाज किंवा चित्र दाबण्याची आणि परत उलगडण्याची पद्धत) स्वतः ठरवायचा. त्यामुळे अचूकता मिळाली, पण कोडेक माहीत नसेल तर नुसत्या कंटेनरवरून फाइल किती मिनिटांची हे कळत नाही. मला विचाराल तर ऑगच्या आराखड्यातली ही सर्वांत महागात पडलेली गोष्ट.

आणि व्हिडिओ असेल तर पूर्णांकांचंच गणित वापरा. एमपेग-२ मध्ये उलट डीसीटीत, म्हणजे दाबलेल्या आकड्यांतून चित्र परत काढणाऱ्या गणितात, थोडी सूट होती. दोन डिकोडरांची उत्तरं किंचित वेगळी येत आणि एका फ्रेमवरून पुढची फ्रेम बांधताना तो फरक साचत जाई. थिओराने हे गणित बिट-बिट ठरवून दिलं. एव्ही१ मध्येही प्रत्येक डिकोडरचं उत्तर तंतोतंत तेच यावं लागतं. ऑडिओत फ्रेम एकमेकांवर इतक्या अवलंबून नसतात, तिथे थोडी ढील चालते.

काय बांधायचं, काय मोकळं सोडायचं

नव्या माणसाला न पटणारी गोष्ट ही: फॉरमॅट डिकोडरने ठरतो, एन्कोडरने नाही. स्पेकमध्ये 'हे बाइट आले तर हा आवाज निघाला पाहिजे' एवढंच बांधायचं. ते बाइट कसे निवडायचे, ते एन्कोडर लिहिणाऱ्याच्या बुद्धीवर सोडायचं.

याचा फायदा बघा. थिओराचा बिटस्ट्रीम २००४ मध्ये गोठवला गेला. २००९ च्या १.१ आवृत्तीत एन्कोडर जवळपास नव्याने लिहिला आणि चित्राचा दर्जा ठळकपणे सुधारला. जुन्या डिकोडरला हातही लावावा लागला नाही. व्हॉर्बिसचंही तसंच, २००० मध्ये गोठवलेल्या फॉरमॅटवर नंतर वर्षानुवर्षं ट्यूनिंग होत राहिलं.

गोठवण्याआधी मात्र दोन स्वतंत्र डिकोडर हवेत, आणि दुसरा तुमच्या कोडकडे न बघणाऱ्या माणसाने लिहिलेला हवा. हिंजवडीत काम करणारी, सी किंवा रस्ट येणारी एखादी मैत्रीण गाठा, स्पेक हातात द्या आणि प्रश्नांची उत्तरं तोंडी देऊ नका. तिचा प्रत्येक प्रश्न म्हणजे स्पेकमधली एक गाळलेली ओळ. ती ओळ लिहा आणि मगच उत्तर द्या.

मजकूर आणि कोड यांत फरक निघाला तर कोण खरं, हेही आधी ठरवा. ओपसने, म्हणजे २०१२ च्या आरएफसी ६७१६ ने, डिकोडरचा सोर्स कोडच प्रमाण मानला. फ्लॅकचं आरएफसी मजकुरावर उभं आहे. दोन्ही मार्ग चालतात, पण कोडला प्रमाण मानलं की कोडमधला बगही प्रमाण होतो, हे लक्षात ठेवून निवडा.

चाचण्या

तीन ढीग करा. पहिला, साध्या बरोबर फाइली. दुसरा, बरोबर पण विचित्र: एकच नमुना असलेली फाइल, शून्य लांबीचं पॅकेट, सर्वांत मोठी ब्लॉक साइझ, मध्येच बदलणारा सॅम्पल रेट. तिसरा, मुद्दाम बिघडवलेल्या. फ्लॅकच्या चाचणी-फाइलींचा खुला संच याच धर्तीवर लावलेला आहे, तो बघून घ्या. ओपसच्या बारा टेस्ट व्हेक्टरांतून, म्हणजे अपेक्षित उत्तरासह दिलेल्या चाचणी-फाइलींतून, दुसरी युक्ती शिका. एन्कोडर आणि डिकोडर, दोघांच्या रेंज कोडरची (आकडे बिटांत बसवणारा भाग) शेवटची स्थिती जुळते का, हे प्रत्येक पॅकेटनंतर तपासता येतं. आवाज कानाला ठीक वाटत असताना आत काही सरकलेलं असेल, तर ते इथे लगेच पकडलं जातं.

ऐकण्याच्या चाचण्यांसाठी पुण्यासारखं गाव नाही. गणपतीच्या दिवसांत लक्ष्मी रोडवर ताशाचं रेकॉर्डिंग करा. ताशाची काडी पडते तो क्षण कोडेकसाठी सर्वांत कठीण असतो. लांब विंडो (एका वेळी घेतलेला आवाजाचा तुकडा) वापरली तर क्वांटायझेशनचा, म्हणजे आकडे गोल केल्याने येणारा, आवाज काडीच्या आधीच पसरतो आणि ठोक्याआधी 'फस्स' असं ऐकू येतं. याला प्री-एको म्हणतात, आणि त्यासाठीच कोडेक अशा जागी छोट्या विंडोवर उतरतात. उलट टोकाला तानपुरा घ्या. तिथे लांब विंडो हवी, नाहीतर जवारीचा सगळा पोत खरखरीत होतो. आणि कमी बिटरेटला मराठी बोलणं तपासा: 'शहाणा', 'भाषा', 'झाडझाडोरा', 'वाळवंट'. घर्षक आणि महाप्राण वर्ण आधी मोडतात. कानडी-तमिळ बोलणारे शेजारी असतील तर त्यांनाही बसवा; जगभरात वापरला जाणारा कोडेक फक्त इंग्रजी बोलण्यावर घासूनपुसून ठेवणं बरोबर नाही. ऐकणाऱ्याला कुठली क्लिप मूळ आहे हे सांगू नका, आणि यादीत मूळ क्लिप लपवून ठेवाच. जो मूळ क्लिपलाही कमी गुण देतो, त्याचा त्या फेरीचा निकाल बाजूला ठेवायचा.

फझिंग, म्हणजे डिकोडरला मुद्दाम वेडावाकडा डेटा देऊन बघणं, सक्तीचं. फाइल कुणीही पाठवू शकतो, म्हणून डिकोडर हा कायम अनोळखी माणसासमोर उघडा असलेला दरवाजा आहे. लांबीच्या प्रत्येक आकड्यावर 'एवढे बाइट खरंच शिल्लक आहेत का' हा प्रश्न विचारल्याशिवाय मेमरी घेऊ नका.

पेटंटबद्दल थोडक्यात

कोड खुला असणं आणि फॉरमॅट वापरायला मोकळा असणं या दोन वेगळ्या गोष्टी. एमपी३ चा परवाना-कार्यक्रम २०१७ मध्ये संपेपर्यंत खुल्या कोडचे एन्कोडर असूनही तो प्रश्न लोंबकळत होता. आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मध्ये गणिती पद्धती, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्रॅम वगळलेले आहेत, पण तुमची फाइल भारताबाहेर जाणारच. म्हणून रॉयल्टीमुक्त परवाना लेखी द्या, प्रत्येक योगदान देणाऱ्याकडून तो घ्या, आणि कल्पना सुचली की तारखेसह जाहीर लिहा. आयईटीएफमध्ये भाग घेणाऱ्याने आपल्याला माहीत असलेली स्वतःची किंवा आपल्या कंपनीची पेटंटं उघड करायची असतात. नोकरी करत असाल तर पहिला मेल पाठवण्याआधी कंपनीच्या कायदा विभागाशी बोलून घ्या.

सांभाळणं

आयुष्यभराचं काम इथे सुरू होतं, आणि त्यात प्रतिष्ठा कमी, जबाबदारी जास्त.

चुका निघतीलच. ओपसमध्येही निघाल्या, आणि २०१७ मध्ये आरएफसी ८२५१ काढून त्या दुरुस्त केल्या. पण कशा? आधीच्या फाइली चालत राहतील अशा बेताने, नव्या टेस्ट व्हेक्टरांसह. स्वतःच्या फॉरमॅटमध्ये चूक सापडली की पहिला प्रश्न हाच: अशा किती फाइली बाहेर आहेत? असतील, तर चुकीला स्पेकमध्ये जागा द्या आणि 'असं का आहे' तेही लिहा.

नवं काही घालायचं तर आधीच सोडलेल्या मोकळ्या जागेत घाला. ओपसच्या पॅकेटमध्ये पॅडिंगची सोय पहिल्यापासून होती. जुना डिकोडर ते बाइट सोडून देतो. मार्च २०२४ च्या १.५ आवृत्तीत त्याच जागेत ड्रेड नावाची सोय बसवली. हरवलेली पॅकेटं भरून काढण्यासाठी एक सेकंदापर्यंतच्या आधीच्या आवाजाचा अतिशय दाबलेला सारांश तिथे जातो. २०१२ मधल्या डिकोडरला ते समजत नाही, पण त्याचं काही अडतही नाही.

तुम्हाला आत शिरायचं असेल तर मगाशी केलेली टिपणं काढा. आरएफसीमधली चूक कुणीही, सभासदत्व नसताना, एराटा म्हणून नोंदवू शकतो. कलम कोणतं, आत्ता काय लिहिलंय, काय असायला हवं, आणि फरक दाखवणारी छोटी फाइल, एवढं द्या. तपासणारे ती मान्य करतील, पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवतील किंवा नाकारतील. नाकारली तर कारण वाचा, त्यात शिकण्यासारखं असतं. फ्लॅक, एफएफव्ही१ आणि मात्रोस्काचं काम आयईटीएफच्या सेलार नावाच्या गटात झालं, त्याच्या जुन्या चर्चा खुल्या आहेत. बैठकांच्या वेळा आपल्याकडे बऱ्याचदा रात्री उशिराच्या येतात, पण निर्णय लेखी चर्चेत होतात, त्यामुळे पुण्यात बसून मागे पडायचं कारण नाही.

आणि 'ही फाइल वाजत नाही' असा कुणाचा मेल आला, तर फाइल मागवा, परवानगी घेऊन तिचा फक्त बिघडलेला भाग कापा, कारण शोधा, आणि तो तुकडा चाचण्यांच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या ढिगात कायमचा टाका. मग पाठवणाऱ्याला सांगा की तो आता तिथे आहे.